कडकट्ट चाचांचा हात

कडकट्ट चाचांना हसताना पाहिलेला माणूस वडसा ते चांदा या अख्ख्या पट्ट्यात सापडायचा नाही. सगळ्यांना ठाऊक होता तो त्यांचा उजवा हात. बैलामागे गाडी जुंपावी तसा बाकीचा माणूस त्या हातामागे जुंपलेला होता.

रेल्वेत तारबाबू म्हणून जन्म काढल्यावर चाचा वडशाला धानाच्या गोदामाशेजारी आपल्या ओसरीवर तार शिकवायचे. एक फळी, तिच्यावर पितळी खटका, आणि पुढ्यात आम्ही. आखूड ठोका म्हणजे कट्ट, लांब म्हणजे कड. या दोन आवाजांत इंग्रजीची सगळी अक्षरं कोंबलेली. 'कडकट्ट शिका, रेल्वेत लागा' अशी तेव्हा गावोगाव हवा होती. पावसाळ्यात शिकायचं आणि दिवाळीला टोपी घालून फलाटावर उभं राहायचं, असा आमचा बेत. मला तर पास होण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. मामांनी अहेरीच्या लाकूड-डेपोत माझी जागा धरून ठेवली होती. सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने नंबर ठोकायचे आणि उरलेल्या वेळात हिवतापाने कुडकुडायचं. तिथला डास कुत्र्याएवढा असतो असं मामा सांगत, आणि मामा कधी खोटं बोलत नसत. आमच्या घराण्यात ते खातं माझ्याकडे होतं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "चाचा, हे किती दिवसांत येते?"

"पोहनं किती दिवसांत येते?" चाचा म्हणाले. "कोनाले येते, कोनी बुडते. पेन्सिल खाली ठेव. पयले कानाले शिकू दे."

मग नुसतं ऐकणं. पाऊस संपला, ऐकणं संपेना. सुतारपक्षी चोच मारू लागला की मी अक्षरं लावत बसायचो. वैनगंगेकाठचे बेडूक रातभर एकच मजकूर पाठवत आणि त्यातही स्पेलिंग चुकवत. एकदा भाकरी थापताना आईच्या बांगड्यांनी मला चक्क शिवी दिली. एवढं सगळं डोक्यात शिरलं, पण वेग काही वाढेना. चिखलात चाक रुतावं तसा तो दिवाळीत जिथे होता तिथेच संक्रांतीला होता.

त्यात चाचांची एक छळवादी सवय होती. आमची चूक ते कधी दाखवत नसत. उतरवलेला कागद पाहायचे, "याच्यात गलती हाये. पाह्य," म्हणायचे आणि बकरीला पाला टाकायला निघून जायचे. एकदा मी दुपारभर शोधून चार चुका काढल्या, दुरुस्त केल्या आणि ऐटीत कागद पुढे केला.

"पयले बराबर होतं," चाचा म्हणाले. "आता चार गलत्या झाल्या."

"मंग गलती हाये काऊन म्हटलं तुमी?"

"तुले तुह्या लिवल्यावर भरोसा हाये का, ते पाहत होतो. नाई."

हिवाळ्यात नाटकांचे मंडप उभे राहिले आणि ओसरी रिकामी होऊ लागली. एक जण पडदा ओढायला नाटकवाल्यांबरोबर गेला, एक बापाच्या दुकानात गल्ल्यावर बसला. मीही थकलो होतो. हा थकवा लाकडं फोडल्याचा नव्हता. तो झोपल्यावर उतरतो. रोज तेच करूनही आपण ढिम्म राहतो, त्याचा हा थकवा. एका सकाळी मी जाऊन सांगितलं, "चाचा, मी सोडतो."

"सोड. मीबी सोडलो होतो."

"मंग वापस काऊन आले?"

"दुसरा धंदा बी शिकाच लागते ना बे. नव्यानं शिकाचा कटाळा आला."

मी पेन्सिल उचलली.

त्याच सुमारास चाचांचा हात बिघडला. धुतलेल्या तांदळासारखा मोकळा हात तो. आता कड अर्ध्यात तुटायची, कट्ट चिकटायची, दोन अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची. माझ्याबरोबर उरलेला वामन म्हणाला, "म्हाताऱ्याचा हात गेला गा. आता आपल्याले काय शिकवते?" आणि तोही गेला. मी राहिलो. निष्ठा वगैरे काही नव्हती. मला तो डास दिसत होता. त्या गचाळ ठोक्यांतून अक्षरं उपसता उपसता उन्हाळा लागला.

नागपूरला परीक्षा झाली. तार पाठवायला बसलेल्या साहेबाचा हात म्हणजे कोंबड्यांना दाणे फेकल्यासारखा. अर्ध्या खोलीने पेन्सिली खाली ठेवल्या. मला मात्र वडशाच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटलं. सगळं उतरवलं आणि पास झालो.

निकाल घेऊन परतताना गुरूच्या युक्तीची ही गोष्ट मी नागभीड येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला सांगितली. परीक्षेत कसा हात येणार हे ओळखून चाचांनी कसा मुद्दाम आपला हात बिघडवला, आणि शिष्यांच्या शिव्या कशा मुकाट सोसल्या. एका बाईंनी तर डोळे पुसले.

पेढे घेऊन थेट ओसरीवर गेलो. "चाचा, तुमी मुद्दामच घान ठोकत होते ना? आमाले सवय व्हावी म्हून?"

"मुद्दाम कायले करन?" चाचांनी उजवा हात पुढे केला. दोन बोटं वाळक्या पानासारखी आत वळली होती. "खटक्यानं खाल्ली. तारवाल्याइचं असंच होते."

"कधीपासून?"

"झाले दिवस. पेढा या हातावर ठेव, डाव्या."

ओसरीवर दुसरं कोणी शिकायला आलेलं नव्हतं, येणारही नव्हतं. चाचांनी खटका माझ्याकडे सरकवला.

"तू ठोक. मी आयकतो."

काय पाठवावं सुचेना. वडशापासून एकेका स्टेशनाचं नाव ठोकत गेलो. खांबाला टेकून, डोळे मिटून चाचा ऐकत राहिले. चांदा आल्यावर मी थांबलो.

"घान हात हाये तुहा," ते म्हणाले.

"मंग?"

"चालते. आता वापसीची गाडी आन."