पावण्यांचं उपाशी रक्त

कोल्हापूरजवळच्या उचगावात शालन कांबळेला 'गप बस' म्हणणारा अजून जन्माला यायचा होता. शाळा चौथीपर्यंतच, पण गल्लीचा नळ कोरडा पडला तेव्हा बायकांना गोळा करून रिकाम्या घागरी सरपंचाच्या दारात आदळणारी हीच. कुणी काही सांगितलं, की तिचा पहिला शब्द ठरलेला: "का?" उत्तर पटलं नाही, तर पुढचे शब्द लिहिण्यासारखे नसत.

तिचा नवरा गणपती फाउंड्रीत मोल्डर होता. लाकडी पॅटर्न वाळूत दाबून साचा बसवायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, यात त्याचा जन्म गेला. मग तो घरची वाट चुकायला लागला. पुढं माणसं ओळखायलाही चुकू लागला. २००८ साल उजाडलं, तेव्हा तो बायकोला आक्का म्हणत होता आणि ताटातला भात तळहातानं वाळूसारखा दाबून सपाट करत होता. डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं डिमेन्शिया. गल्लीनं दुसरंच दिलं: "रक्तातच हाय त्यांच्या."

हे शालनला झोंबलं, कारण घरात लेक संघप्रिया लग्नाची होती. चंदगडकडच्या प्रसेनजीतचं स्थळ आलेलं, पोरं एकमेकांना पसंत. अडून बसलेला तेवढा मुलाचा बाप, आकाराम. सोयरीक पक्की होईस्तवर मुलीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही त्यांच्या भावकीची रीत. मागच्या खेपेला त्यानं चहाचा कपसुद्धा बाजूला सारला होता. "पोरीत खोट न्हाय," तो म्हणालेला. "पण बापाचं दुखणं रक्तातनं पुढं जातंय का, एवढं कळू द्या."

अशात कळलं, की पुण्याहून संशोधकांची तुकडी गावच्या बुद्धविहारात येणार आहे, डिमेन्शिया झालेल्यांचं रक्त तपासायला. शालननं लगेच चंदगडला फोन लावला. "पावणं, रविवारी या. डॉक्टरच्या तोंडनंच ऐका. मी सांगितलं तर म्हणशीला, आई हाय, झाकणारच."

रविवारी सकाळी ती गणपतीला उपाशीपोटी विहारात घेऊन गेली. डॉक्टर शिवानी नावाची तरुण बाई होती. तिनं दंडाला रबर बांधलं, तशी शालननं तिचा हात धरला.

"थांबा. दुखणं डोक्यात, आणि सुई हातात का?"

"मेंदू उघडून बघता येत नाही, काकू. तिथं बिघडलेलं रक्तात उमटतं का, ते बघतोय."

"उमटतं?"

"नक्की माहीत नाही. म्हणून तर आलोय."

शालन भांडायच्या तयारीनं आलेली. ह्या उत्तरावर भांडायचं कसं, ते तिला सुचेना. तिनं खुर्ची ओढली. "मग नीट सांगा. काय बघतासा?"

"काका काय काम करायचे?"

"फाउंड्रीत मोल्डर."

"तिथं फळीवर पॅटर्न किती असतात?"

"ढीगभर असत्यात."

"रोज सगळे खाली काढतात?"

"खुळं काय? ज्याची ऑर्डर, त्योच काढायचा."

"जीन म्हणजे तसे पॅटर्न. प्रत्येक पेशीत भरलेली फळी असते. आम्ही फळी तपासत नाही. सध्या कुठला पॅटर्न खाली निघालाय, कशाचा माल जास्त निघतोय, कशाचा कमी, ते बघतो."

'पॅटर्न' ऐकताच गणपतीनं मान वर केली. "पावडर मारली का पॅटर्नला? वाळू चिकटंल."

"मारली, मालक," शालन हळूच म्हणाली.

आकाराम दारातच उभा होता. "आणि फळीवरच खोट असली तर?"

डॉक्टरीणबाई वळल्या. "थोड्या घराण्यांत तसं असतं. इथं आहे की नाही, हे ह्या तपासणीत कळणार नाही. तसं लिहूनही देणार नाही."

नेमकं तेवढ्यासाठीच तर शालननं माणूस चंदगडास्नं बोलावला होता. "ऐकलासा?" ती फणकारली. "खात्री मिळत न्हाय. मी झाकलं न्हाय, एवढं ध्यानात ठेवा."

"तुलनेला काकांच्या वयाची धडधाकट माणसंही हवीत आम्हाला," डॉक्टर म्हणाल्या.

शालननं पावण्याला खालीवर न्याहाळलं. "पावणं, बाही वर करा."

"माझी? मला काय झालंय?"

"काय झालं न्हाय म्हणूनच! आमचं रक्त बघाय आलासा, तुमचं दाखवा की."

विहारात हशा पिकला. आकारामनं इरेला पडून बाही सारली.

"उपाशी आहात ना?" डॉक्टरनी विचारलं.

"व्हय, कडक उपाशी. निस्तं दूध."

तो रात्री शिवाजी पेठेत भाच्याकडं उतरलेला. सकाळी गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर, समोर म्हैस पिळून घेऊन पेलाभर दूध त्यानं फेसासकट रिचवलं होतं. कोल्हापुरात ह्याला कुणी खाणं म्हणत नाही.

डॉक्टरनी सुई खाली ठेवली. "नाही चालणार."

"दुधानं काय हुतंय?"

"दूध पोटात गेलं, की थोड्या वेळानं रक्तातल्या पेशी वेगळे पॅटर्न खाली काढायला लागतात. तापानं, जागरणानंही बदल होतो."

आकाराम स्वतःच्या दंडाकडं बघत राहिला. "म्हंजे गंगावेशीतली म्हस आता माझ्या रक्तात बोलतीया?"

"थोडी बोलतेय."

"मग रक्तात दिसतं ते समदं आज्ज्यापणज्याचंच न्हाय म्हणा की."

"काही त्यांचं, काही आजचं. कशाचं किती, तेच शोधायचंय."

"उद्या हायसा?"

"सकाळी आहोत."

दिवेलागणीला आकाराम शालनच्या बाहेरच्या सोप्यात गणपतीशेजारी येऊन बसला. भाचा वाट बघत असेल, आता उठेल, म्हणून शालन निरोपाची तयारी करत होती. तर हा म्हणाला, "वैनी, उद्या उपाशी जायाचं तर आज येळंत जेवाय पायजे. वाढा की."

आत संघप्रियाच्या बांगड्या वाजायच्या बंद झाल्या.

"आमच्यात जेवणार? डॉक्टरनी खात्री दिली न्हाय, पावणं."

"माझ्या रक्ताची तरी कुठं खात्री हाय? पेलाभर दुधानं बदलतंय. वाढा."

शालननं भात वाढला. गणपतीनं पावण्याचं ताट पुढ्यात ओढलं, तळहातानं भात दाबला, कडा बोटानं साफ केल्या आणि ताट परत त्याच्याकडं सारलं.

"साचा बसला," तो म्हणाला. "ओता आता."

शालननं आमटी ओतली.