दुखणं पायाचं, टाके कमरेला

पुण्याच्या सरकारी इस्पितळात डॉक्टर माझ्या डाव्या पावलावर बोटं ठेवून बराच वेळ चाचपत राहिले. "इथं नाडी लागत नाही," शेवटी म्हणाले. पायालाही नाडी असते हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी हरवली हेही त्याच दिवशी.

मी हुसेन, चाकणचा शिंपी. पायावर पोट असलेला माणूस. पाय गेला तर मशीन बंद. वर्षभर हेच: चार पावलं चाललं की पोटरी धरायची, थांबलं की सुटायची. थांबल्यावर जे थांबतं त्याला दुखणं कोण म्हणणार? लोक आळस म्हणायचे, मलाही तसंच वाटायचं. मग पाऊल गार पडलं. बायकोने, अमिनाने, तापल्या विटेचा शेक दिला. अंगठा भाजला तरी मला कळलं नाही. पुढे तो काळा पडला.

रोगाचं नाव बर्जर्स डिसीज. माझ्यासारख्या विडी ओढणाऱ्यांच्या हातापायांतल्या रक्ताच्या नळ्या त्यात बुजत जातात. गार पावलाला शेक देऊच नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर अमिना रडली. तुमच्या घरी असं झालं तर वीट चुलीपाशीच राहू द्या.

ऑपरेशनचं नाव लंबर सिम्पथेक्टॉमी. कण्याशेजारचा एक मज्जातंतू रक्ताच्या नळ्या आवळून धरतो, तो कापला की बारीक नळ्या सैल पडतात. मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

शुद्धीवर आलो तर पट्टी कमरेला! पाय जसाच्या तसा. मी ओरडलो, "सिस्टर, दुसऱ्याचं ऑपरेशन माझ्यावर केलंत!"

शेजारच्या खाटेवर निघोजचे शेतकरी रखमाजी होते. त्यांचं हेच ऑपरेशन दोन दिवस आधी झालेलं. त्यांनी सदरा वर करून टाके दाखवले. "गप ऱ्हावा, हुसेनभाई. मलाबी हितंच फाडलंय. पाऊल बगा की, ऊन झालं आसंल."

उजव्या पावलाने डावं चाचपलं. खरंच ऊन होतं, आणि उजवं घामेजलेलं असताना हे ठणठणीत कोरडं. नाडी मात्र नव्हतीच. डॉक्टर आम्हा दोघांना म्हणाले, "ती येणार नाही. मोठी नळी बंदच राहील, बारीक नळ्यांवर पाय जगेल. माझं काम झालं. आता विडी सोडा, नाहीतर पाय जाईल." आम्ही दोघांनी मान हलवली.

काळा अंगठा काढावा लागला. बाकी पाय घेऊन घरी आलो. तलफ जीव खाई. विडी नको तर नको, तंबाखू दाढेत धरावी म्हटलं, धूर तर नाही! अमिनाने डबी चुलीत टाकली. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही.

वर्षाने रखमाजी दुकानात आले, कुबडी घेऊन. डावा पाय मांडीपासून नव्हता.

"पायजमा शिवा. धोतार कुबडीत आडाकतंय."

त्यांचा जन्मातला पहिला पायजमा. माझ्या तोंडून निघून गेलं, "विडी?"

"आईच्यान, येक इडी वडली न्हाई. डाक्तर इडी सोड म्हनलं, सोडली. चिलीम वडत व्हतो." मग माझ्याकडे बघत राहिले. "तिच्यातबी त्येच इख व्हतं व्हय?"

'विडी सोडा' हे वाक्य आम्ही दोघांनी एकच ऐकलं होतं, आणि मलाही त्यांच्याहून जास्त काही कळलं नव्हतं. माझ्या घरी अमिना होती, एवढंच. एवढ्यावर पाय राहतो की जातो, हे मला अजून समजत नाही. तुम्ही तरी डॉक्टरांसमोर नुसती मान हलवू नका. दहादा विचारा, रागावले तर रागावू द्या.

पायजम्याची डावी बाजू मांडीखाली बंद करायची ठरली. मी मशीनवर बसलो. नऊ बोटांनी पायडल दाबू लागलो. रखमाजी खाली सतरंजीवर बसून माझ्या पायांकडे बघत होते.

"ऊन हाय का आजून?"

मी मशीन थांबवून पाऊल पुढे केलं. त्यांनी त्यावर तळहात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.