काकीला विचारून राब

काकी बोलता बोलता मध्येच थांबायची आणि नाक वर करायची. समोरचा माणूस अर्धं वाक्य तोंडात धरून उभा. ती दोनदा हुंगायची, एकदा डोंगराच्या अंगानं, एकदा रस्त्याच्या, आणि मग म्हणायची, “हां, सांग.” घरात नवीन आलेल्या सुना-जावयांना वाटायचं की चुलीवर काहीतरी करपलंय. काही करपलेलं नसायचं. मे महिनाभर काकीचं हे असंच चालायचं, आणि ती हुंगायला लागली की आम्हीही नकळत श्वास धरून बसायचो.

कारण राब. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, तो तुकडा पावसाआधी भाजून घ्यायचा, त्याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्या, पातेरा, गवत, वरून मातीचा पातळ थर, आणि मग आग. तण मरतं, राख मातीत मुरते, रोप जोमानं येतं. काम साधं आहे. पण गवत वाळून कडकडीत झालेलं असताना, भर मे महिन्यात, मुद्दाम आग लावायची असते. म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या गावात काकीला विचारल्याशिवाय कुणी काडी ओढत नसे. माणूस यायचा, ओटीच्या पायरीवर टेकायचा, आंब्यांचं बोलायचा, लग्नांचं बोलायचा, आणि उठता उठता विचारायचा, “मंग काकी, उद्या?”

“उद्या नाय. परवा बघ.”

संपलं. माणूस परवा बघायचा.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे तीच. काका लवकर गेले. तिनं शेत सांभाळलं, नंदूला वाढवलं. नंदू, माझा चुलतभाऊ, खोपोलीला कारखान्यात लागला. मी ठाण्याला शाळेत भूगोल शिकवते. सुट्टी लागली की निकालाचं काम आटपून पहिल्या आठवड्यात गावी जायचं आणि एकतीस मेला परतायचं, हा माझा नेम लग्नानंतरही मोडला नाही.

तिथं काही फार करायचं नसायचं. माळ्यावर पेंढ्यात आंबे घातलेले असायचे आणि त्यांचा वास सगळ्या घरात उतरलेला असायचा. सकाळी उन्हं तापायच्या आत करवंदं काढून आणायची, हातपाय ओरबाडून घ्यायचे. दुपारी भाकरी, सुकट, कांदा, आणि लादीवर आडवं व्हायचं. सगळ्यात मोठी चैन म्हणजे राब विझला की त्या गरम राखेत फणसाच्या आठळ्या पुरायच्या. पण काकी आधी स्वतः काठीनं राख उलटीपालटी करायची, तोवर कुणी पुढं व्हायचं नाही. एकदा मी म्हटलं, “अगं काकी, थंड झालीय.” तिनं काठी फिरवली. खालून लाल निखारा वर आला.

“थंड दिसती म्हनून थंड आसती व्हय?” ती म्हणाली. “मास्तरीन झालीस ना तू?”

तिची परीक्षा तुसाची. डब्यात भाताचं तूस ठेवलेलं असायचं. चिमूटभर घ्यायचं, हात खांद्याइतका उचलायचा आणि सोडायचं. तूस कुठं जातं ते पाहायचं, मग चार पावलं सरकून पुन्हा सोडायचं. राब भाजायचा तो सकाळीच, ऊन डोंगरावरून शेतात उतरायच्या आत, हा तिचा नियम. दुपारी नाही म्हणजे नाही. “दुपारचा वारा डोंगराला आपटून माघारी येतो,” ती सांगायची. “जाताना गोड बोलतो. येताना बघ त्याला.” आणि वर, “वारा कोनाचा सोयरा नाय गं.”

हे तिला कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. “माज्या लहानपनी आमचा गोठा गेला,” ती म्हणाली. “गाई बांधलेल्या व्हत्या.” आणि पुढं निवडत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या शेताला लागून असलेला पश्चिमेचा तुकडा मुंबईच्या एका शेठनं घेतला. तारेचं कुंपण घातलं, आंब्याची कलमं लावली, मधोमध राखणदारासाठी पत्र्याची खोली बांधली. पूर्वी तिथं गावची गुरं चरायची, त्यामुळे उन्हाळ्यात गवत औषधालाही नसायचं. आता गुरं बंद. गवत कमरेएवढं वाढलं आणि वाळलं. खोलीत राखणदाराची बायको सुनी आणि तिचं पाच-सहा महिन्यांचं पोर. राखणदार दिवसा शिळफाट्याला हमालीला जायचा.

त्या मेमध्ये मी गेले तेव्हा काकी रोज संध्याकाळी कुंपणाशी जाऊन उभी राहत होती. गवताकडे बघत. मला ते दृश्य आवडलं नाही. एवढा वेळ ती कशाकडेच बघत नसे.

“सुने,” ती तारेवरून हाक मारायची, “नवऱ्याला सांग, आमच्या बांधाकडचं दहा हात तरी गवत काप.”

“शेठ नको म्हनतात, काकी. त्यांना असंच बरं वाटतं, रानासारकं.”

“रान बरं वाटतं काय,” काकी घरी येऊन म्हणाली. “नंद्या, ते गवत कापल्याबिगर आपला राब पेटायचा नाय.”

नंदू वैतागला. “आये, गवत त्यांचं. ते कापनार कधी, मी राब भाजनार कधी? मला सुट्टी फक्त रविवारची. पाऊस काय तुला विचारून येतो?”

“पाऊस नाय विचारत. तू विचारतोस ना? मंग नाय.”

तिनं स्वतः कोयता घेऊन तारेतून हात घालून जमेल तेवढं कापायला सुरुवात केली. चार दिवसांत हातभर रुंदीची पट्टी झाली. सत्तरी ओलांडलेली बाई. मी म्हटलं, “काकी, पुरे.” ती म्हणाली, “पुरे नाय, तेच तर.”

पुढच्या रविवारी खालापूरला नात्यातलं लग्न होतं. काकी सकाळीच गेली. नंदू रात्रपाळी करून आलेला, बारा वाजता उठला. जेवताना त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“ताई, फुडच्या रविवारी मला डबल ड्युटी हाय. त्याच्या फुडं पाऊस. तू बघ ना वारा.”

मी बघितला. मोबाइलमध्ये. पश्चिमेचा, दिवसभर पश्चिमेचा, बेताचा. मी शाळेत खारे वारे शिकवते. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे. म्हणजे आग पूर्वेकडे, आमच्याच मोकळ्या शेतांकडे रेटली जाणार, कुंपणापासून दूर. पूर्वेच्या टोकाकडून पेटवायचं म्हणजे ती वाऱ्याच्या उलट, सावकाश सरकेल. मी नंदूला हे जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. काकीची आठवण झाली नाही असं नाही. झाली. मी म्हटलं, “पेटव.”

दोन वाजले होते. तासभर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं. आग हळू हळू कुरतडत होती, आम्ही फांद्या घेऊन कडेनं उभे होतो, आणि नंदू हसून म्हणाला, “आय उगाच घाबरवती सगळ्यांना.”

मग वारा पडला. पानही हलेना. माझ्या मानेवरचा घाम थंड लागला, आणि वारा पाठीमागून, पूर्वेच्या डोंगराकडून आला.

आग पळाली. दुसरा शब्द नाही. आख्खा राब एका दमात पेटला, हातभर पट्टीवरून ठिणग्या गेल्या आणि कुंपणापलीकडच्या गवतानं आवाज केला, कापड फाडल्यासारखा. नंदू फांदी आपटत राहिला. मी “सुनी, सुनी” ओरडत होते. धुरात खोली मधूनमधूनच दिसत होती.

काकी नाक्यावर रिक्षातून उतरली होती आणि तिथूनच तिला धूर दिसला. लग्नातली जरीची साडी नेसलेली. आमच्याकडे तिनं पाहिलंही नाही. तार वाकवून आत शिरली, अजून न पेटलेल्या बाजूनं खोलीपाशी पोचली. मला वाटलं सुनीला बाहेर ओढेल. पण ती आली ती वाटही तोवर आगीनं गाठली होती. फाटक रस्त्याकडे, दूर, आणि आग बाईच्या पायापेक्षा जोरात धावत होती. काकीनं सुनीच्या चुलीजवळची काडेपेटी उचलली, काडी ओढली आणि खोलीभोवतीचं गवत स्वतःच्या हातानं पेटवलं, एका बाजूनं, दुसऱ्या बाजूनं.

“म्हातारे, काय करतीस गं! मारतीस काय आमाला!” सुनी पोर छातीशी धरून किंचाळत होती. काकीनं तिला खोलीत ढकललं, गोणपाट ओलं करून दाराशी लावलं आणि स्वतः दाराला पाठ लावून, आगीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं लावलेली आग बाहेर सरकत गेली, मोठी आग आली तेव्हा खोलीभोवती जाळायला काही शिल्लक नव्हतं. दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या आणि बसल्या.

खोली राहिली. सुनी राहिली, पोर राहिलं. कलमं गेली, पाण्याच्या नळ्या वितळल्या. काकीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी शेठ गाडी घेऊन आला. सगळं गाव आमच्या अंगणात. सुनीनं जे पाहिलं तेच सांगितलं, खोटं काही नाही, “काकीनं काडी लावली, मी बगितलं.” शेठ पोलिसांचं बोलायला लागला. नंदूचा चेहरा पांढरा पडला. त्याची नोकरी कायम व्हायला दोन महिने होते.

“मीच लावली,” काकी म्हणाली. हात केळीच्या पानात गुंडाळलेले. “राब पन मीच पेटवला. दुपारचा.”

मी तिच्या शेजारी उभी होते. काकीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत मला गप्प राहायला सांगितलेलं होतं, असं मी तेव्हा धरलं.

“माँजी, इतनी भी समझ नहीं है?” शेठ म्हणाला.

“समज नाय, शेठ,” काकी म्हणाली. “म्हातारी झाले.”

शेठनं तिचे हात पाहिले, दोन शब्द पुटपुटला आणि निघून गेला. म्हाताऱ्या बाईवर कोण केस करतो. गावातली माणसं एक एक करून उठली.

पुढच्या वर्षी मी नेमानं मेमध्ये गेले. नंदू नोकरीत कायम झाला होता. हात बरे झाले होते, बोटं पुरती वळत नव्हती. माळ्यावर आंबे होते, आठळ्या धुऊन ठेवलेल्या होत्या. राबाचे दिवस आले. काकी सकाळी उठून अंगण सारवून ओटीवर बसायची. पायरी रिकामी. पहिला आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात डोंगराच्या अंगानं एक धूर उठला, मग दुसरा, मग तिसरा. काकी बोलता बोलता थांबली, नाक वर केलं.

“सकाळचे हायेत. बरोबर हायेत,” ती म्हणाली. थोड्या वेळानं, “कोनी इचारलं नाय गं.”

मी आठळ्या सोलत होते. म्हटलं, “काकी, चहा टाकू का?”

तिनं “टाक” म्हटलं. त्या महिन्यात तिनं हा विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही. तिनं कुंपणाशी जाणं सोडलं. ओटीवर बसायची ती तोंड घराच्या आत करून. भाद्रपदात चार दिवसांच्या तापात गेली.

दहाव्याला गावातले सगळे आले होते. नदीवरून परत येताना गणूदादा, आमच्या शेजारच्या शेताचा, माझ्याबरोबर चालत होता. मला ते आता पोटात ठेवणं शक्य नव्हतं. मी सांगून टाकलं. राब नंदूनं पेटवला, वारा मी सांगितला, काकी खालापूरला होती.

तो चालायचा थांबला नाही. “म्हाईत हाय की.”

“कुणाला?”

“आख्ख्या गावाला. काकी आनि दुपारचा राब पेटवंल? येडी हायस काय?”

“मग विचारायला का आला नाहीत तुम्ही कुणी? ती महिनाभर पायरीकडं बघत बसली होती.”

“कसं येनार?” त्याचा आवाज चढला. “शेठचा मानूस समोर ऱ्हातो. आमी रांगेनं काकीला वारा इचारायला आलो तर त्याला कळनार नाय की म्हातारीला समज हाय? मंग राब कोनी पेटवला, हे तो इचारनार. नंदू अडकला आसता. तिनं पोरासाठी शब्द टाकला, तो आमी मोडायचा? तिनं शिकवल्यापरमानंच, तिच्याच येळंला भाजले आमी राब. ऊन उतरायच्या आत.”

मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “तिला आसं कसं वाटलं गं, की आमी इसरलो? आमाला वाटलं, आमी का येत नाय ते तू तिला सांगितलं आसशील. तू व्हतीस ना घरात, आख्खा म्हयना?”

“होते,” मी म्हटलं. “एकतीस तारखेपर्यंत होते.”