चक्राला नाव नव्हतं

नवं अ‍ॅप हातात दिलं की ताई आधी फोन झटक्यात आडवा फिरवायची, कोंबडीची मान मुरगाळावी तसा. त्यात भरलेलं काही पुसलं गेलं तर फोन टेबलावर आदळायची. "मान मुरगाळली तरी ध्यानात राह्यलं पाह्यजे!" तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याच्या चपलांचा आवाज आला की सगळे मान खाली घालून कामाला लागतात. मस्तगडातल्या आमच्या मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या छोट्या ऑफिसात ती होती. मूळची मंठ्याची.

फोन आडवा केला किंवा मधेच कॉल आला, तर कधी कधी अ‍ॅपचा समोरचा पडदा, म्हणजे स्क्रीन, आतल्या आत मोडला जातो आणि नंतर नव्यानं उभा राहतो. साधे रकाने आपला मजकूर सांभाळतात. आपण स्वतः घडवलेल्या भागांना मात्र ते शिकवावं लागतं. नव्या पोरांना ताई सांगायची, "पडदा मरनारच. मरायच्या आधी त्याच्याकडून सगळं वदवून घ्यायचं, पोलिसावानी." आणि पाठीत धपाटा घालायची. तो चांगलाच लागायचा. मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी पुढे सरकवायची.

एका साखर कारखान्यासाठी आम्ही उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतल्या नंबराचं अ‍ॅप केलं. पडद्यावर गोल चक्र. कारकुनानं ते बोटानं पुढे सरकवायचं, मधे चालू नंबर दिसायचा. ताई तेव्हा गावी गेली होती. आमच्या मालकांनी, सरांनी, तिची वाट न बघता अ‍ॅप देऊन टाकलं.

थोड्याच दिवसांत कारकुनाला एक कॉल आला. बोलणं संपलं तेव्हा चक्र पुन्हा एकवर होतं, आणि तो एकपासून नंबर पुकारू लागला. थंडीत ताटकळलेल्या ड्रायव्हरांना वाटलं, हा वशिल्याच्या गाड्या आत घेतोय. त्यांनी त्याला केबिनमधून ओढला आणि जॅकच्या दांड्यानं त्याचा जबडा फोडला.

आम्ही पोचलो तेव्हा कारकुनाला दवाखान्यात नेलं होतं. फरशीवर रक्त आणि काचा. सर गाडीतून उतरलेच नाहीत. गावाहून परतलेली ताई उतरली. एका ड्रायव्हरच्या हातात कारकुनाचा फोन होता, दुसऱ्या हातात दांडा.

"ओ बाई, हटा! चोर हाये तो!"

ताईनं फोन हिसकावला, चक्र पुढे सरकवलं आणि फोन आडवा केला. चक्र एकवर आलं.

"बघ. चोरी न्हाई. हे विसरून राह्यलंय. चूक आमची हाये."

दांडा तरीही खाली आला. तिच्या मनगटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तिनं एक घाणेरडी शिवी हासडली आणि डाव्या हातानं त्याची कॉलर धरली. "मार अजून! पन आधी बघ!"

त्यानं पाहिलं. स्वतः फोन फिरवला, परत फिरवला. मग दांडा टाकून तो खाली बसला.

संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून ताई ऑफिसात आली. ती सांगत होती, मी टाइप करत होतो. चक्राला आयडीच, म्हणजे कोडमधलं नावच, दिलेलं नव्हतं. "बेवारस!" ती ओरडली. "ह्याचं सामान फोन ठेवनार कुनाच्या नावावर?" आम्ही आयडी दिला, आकडा जपायला शिकवला. आता फोन कसाही फिरवला तरी नंबर जागचा हलेना.

सर म्हणाले, "पोलिसांना सांगू, कारकुनाचंच बोट लागलं."

ताईनं तोच फोन सरांच्या तोंडावर फेकला. त्यांची भुवई फुटली.

त्यानंतर ती ऑफिसात परत आलीच नाही. तिला मी शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, सरकारी दवाखान्यात. कारकुनाचा जबडा तारांनी बांधला होता. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. लोक तिला चोराची आई म्हणू लागले होते.

"मावशी," ताई म्हणाली, "तुमच्या लेकानं काही केलं न्हाई. आमच्या अ‍ॅपनं केलं. पोलिसांनाबी तसंच सांगून आलेय."

आई उठली आणि तिनं ताईच्या थोबाडीत मारली. मग मुठींनी छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथं. मी मधे पडायला गेलो, तर ताईनं नजरेनंच थांबवलं. हात खाली सोडून ती उभी राहिली. शेवटी म्हातारीचं बळ सरलं आणि ती ताईच्याच अंगावर कोसळली. भिंतीला टेकत दोघी फरशीवर बसल्या.

"तू जाय," ताई मला म्हणाली. "मी बसते हितं."

जिन्याच्या वळणावरून मी मागे पाहिलं. ताईच्या गालावर बोटं उमटली होती, ओठातून रक्त येत होतं, आणि ती ओढणीनं त्या बाईचे डोळे पुसत होती.