आक्कांच्या घराचं पोट

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, असं आमचे हे मला लग्न झाल्यापासून सांगत आलेत. मी म्हणते, भिंतीला भिंत लागून असली की नाक आपोआप पलीकडं जातं, खुपसायला कशाला लागतंय? पण यंदाच्या उन्हाळ्यात तेच नाक घेऊन मी अशी तोंडावर आपटले, की सांगायची सोय नाही. तरी सांगते. चहा घ्या तुम्ही, गार होईल.

आम्ही मलकापूरला राहतो, कराडला चिकटून. शेजारी आक्का. त्यांचे मालक आप्पा, मिलिटरीतनं रिटायर झालेले. मुलगा विकास साखर कारखान्यात, आणि सून पल्लवी, मिरजेची. लग्नाला वर्षही झालेलं नाही. हाताला अशी चव, की तिनं नुसती आमटीला फोडणी घातली तरी आमचे हे इकडं ताट घेऊन बसतात.

या पल्लवीनं कॉलेजच्या पोरांना डबे द्यायचं ठरवलं होतं. आठ पोरं ठरलेली, डबे आणलेले, महिन्याभरानं सोमवारपासून सुरू. आणि नेमकी आक्कांच्या घरात पोटं बिघडली. एकाचं नाही, तिघांचं. आक्का, आप्पा, विकास. मळमळ, मुरडा, आणि संडासाच्या दाराशी नंबर. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन आठवडे.

आता शेजारधर्म म्हणून मी लक्ष घालायला नको?

पहिला संशय माझा पाण्यावर. "आक्का, टाकीत पाल पडली असणार," मी म्हटलं. आप्पांनी टाकी उपसली. स्वतः आत उतरले, मिलिटरीतला माणूस. आतनं एक चप्पल आणि विकासचा शाळेतला चेंडू निघाला. पाल काही निघाली नाही. पोटं तशीच.

मग मी दुधावर घसरले. दूधवाला बदलला. जुना दूधवाला अजून माझ्याकडं बघून थुंकतो. मग तिखट बदललं. मग मी वास्तू काढली, कारण मोरीपाशी लावलेला त्यांचा कढीपत्ता एकाएकी पिवळा पडलेला. म्हटलं, बघा, झाडालासुद्धा बाधलंय.

मिरजेच्या व्याह्यांकडं सगळे चार दिवस जाऊन आले. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. चारही दिवस तिघांची पोटं ठणठणीत. मलकापूरला परत आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा नंबर लागले.

इथं माझं डोकं चाललं. चाललं नसतं तर बरं झालं असतं.

"आक्का," मी हळूच म्हटलं, "तिथं विहीणबाईंच्या हातचं खाल्लं, तर काय झालं न्हाई. हितं पल्लवीच्या हातचं खाता, तर होतंय. आणि तिचं एकटीचं पोट तेवढं चांगलं. मी आपलं नुसतं बोलले हां."

नुसतं बोललेलं काय करतं, ते गावातल्या बाईला सांगायला नको. आक्का विचारात पडल्या. संध्याकाळी पल्लवीला म्हणाल्या, "घरच्या तिघांस्नी पचंना, आणि परक्याच्या पोरांस्नी डबं देणार? रविवारपातूर पोटं थांबली न्हाईत, तर डबं बंद."

पल्लवीनं डबे पुसून फळीवर ठेवले, आणि त्यांच्याकडंच बघत उभी राहिली. मला वाईट वाटलं. म्हणजे मन लावून आणखी शोध घ्यायला पाहिजे, असं वाटलं.

"आप्पा, तुमी एक वही घाला," मी सुचवलं. "कोण काय खातंय आणि मग काय होतंय, सगळं लिहा. काय ते बाहेर पडंल."

आप्पांना तेवढंच पाहिजे होतं. पट्टीनं रेघा मारून तक्ता केला. "सहा वाजून दहा मिनिटं, आक्का, पहिली फेरी. सहा बावीस, विकास, दार वाजवतोय." सीमेवर एवढा पहारा ठेवला नसेल माणसानं.

रविवारी सकाळी सगळे ओसरीवर बसले. आमचे हेसुद्धा आले, पेपर घेऊन. वही वाचायचा मान अर्थातच माझा.

"बुधवार," मी मोठ्यानं सुरू केलं. "आक्का. भाकरी, वांगं, ताक. चार फेऱ्या. आप्पा. भाकरी, ताक. तीन फेऱ्या. विकास, कारखान्यात जेवला, घरी येऊन ताक. पाच फेऱ्या."

वाचता वाचता माझा आवाज बारीक व्हायला लागला.

"गुरुवार. आक्का, उपास. फक्त ताक. सहा फेऱ्या…"

"आणि पल्लवीचं?" आक्का म्हणाल्या.

"पल्लवी. भाकरी, वांगं, आमटी, भात." मी थांबले. "ताक न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कारण ताक कुणाचं? माझं. आमच्या दारात म्हैस. मला गुडघ्यामुळं आंबट बंद, ह्यांना पित्त. लोणी आम्ही ठेवतो आणि ताक रोज सकाळी किटली भरून आक्कांकडं. पोटं बिघडल्यापासून तर मी दोन किटल्या द्यायला लागले होते, पोटाला थंड म्हणून.

"पल्लवी, तू का गं पीत न्हाईस?" मी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, "काकू, त्याला कसलातरी वास यायचा. तुम्ही एवढ्या मायेनं देता, नाही कसं म्हणायचं? माझ्या वाटणीचं मी कढीपत्त्याला घालत होते."

सगळ्यांनी कढीपत्त्याकडं बघितलं. झाड बिचारं साक्षीला उभं होतं.

"ताक ताजं असतंय," मी म्हटलं. "कालचं घुसळलेलं, रातभर झाकून ठेवलेलं."

"कशात ठिवतीस?" आक्कांनी विचारलं.

"पितळेच्या भगुल्यात."

माळ्यावर आईचं जुनं भगुलं होतं. महिन्यामागं मोबाईलवर आलं, स्टील सोडा, पितळ वापरा, तब्येत सुधारते. मी ते खाली काढलं आणि चिंच, राख लावून दोन दिवस घासलं. आतनं काळपट थर होता, तोसुद्धा खरवडून काढला. सोन्यासारखं लखलखीत केलं.

आक्कांनी कपाळावर हात मारला. "आगं शोभे, ती कल्हई होती. कल्हई काढून पितळंत ताक ठिवलंस? आंबटाला पितळ लागलं की इख हुतंय त्याचं. कळकलेलं ताक पाजलंस व्हय आमास्नी महिनाभर?"

"कडंला जरा हिरवं यायचं," मी म्हटलं. "मला वाटलं, कोथिंबीर."

विकास हसत हसत खांबाला टेकला. आप्पांनी वही मिटून पेनाला टोपण लावलं.

मी शेवटचा प्रयत्न केला. "पण पल्लवीच्या सैपाकाचं आपल्याला तवा काय म्हाईत हुतं?"

तेव्हा आमच्या ह्यांनी पेपरातनं डोकं वर काढलं. महिन्यात एकदा बोलतात, पण बरोबर जागा बघून. "म्हाईत कसं न्हाई? भांडं रिकामं पाठवू नये म्हणून पोरगी रोज आपली किटली भरून परत देतीया. कधी झुणका, कधी भरलं वांगं, कधी घारगे. महिनाभर तिच्या हातचं आपण दोघं खातोय. तुला काय झालं? मला काय झालं?"

खरंच की. रोज पुरावा चाटूनपुसून खात होते, आणि तोंड पुसून चौकशीला जात होते.

मी उठून पल्लवीचे दोन्ही हात धरले. "पोरी, चुकले मी. तुला नावं ठेवली."

"काकू, असू दे," ती म्हणाली. "पण आजचं ताक तेवढं राहू दे हां तुमच्याकडंच."

सोमवारी आठ डबे गेले. पहिला डबा मी स्वतः उचलून रिक्षात ठेवला. आक्कांच्या घरचे नंबर मोडले, कढीपत्त्यालाही नवी पालवी आलीय. भगुल्यात मी तुळस लावलीय, तीसुद्धा जरा नाराज दिसते.

फक्त एक बदल झाला. शेजारी भांडं रिकामं पाठवू नये, ही आपली रीत. पण आता रोज सकाळी आक्काच भिंतीवरनं हाक मारतात, "शोभे, किटली पाठव गं. रिकामीच पाठव. भरायचं आमी बघतो."