स्वीडनला पाठवलेले चाळीस झेंडे

मद्रासला अण्णा नगरात, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, लहान मुलांचे शर्ट शिवणारं एक युनिट होतं. नव्वदनंतरची काही वर्षं मी तिथलं ऑफिस सांभाळलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक टाइपरायटर आणि माझ्या याद्या: कापड, बटणं, खोकी, कोणाची रजा. मालक तंजावरकडचे मराठी, साठीचे. शिवणाऱ्या बायका अकरा. गिऱ्हाईक एकच: स्वीडनमधल्या एका लहान गावातली दुकानदारीण.

एक दिवस तिचं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग मालकांना सांगितलं. स्वीडन युरोपच्या संघात जायचं म्हणत होता; त्यावर देशभर मतदान होणार होतं. संघात बाहेरच्या कपड्यांना आयातीचा ठरावीक कोटा असे आणि तो मिळे तिथे आधीपासून माल पाठवणाऱ्या कारखान्यांना. आम्ही संघातल्या कुठल्याही देशात एकसुद्धा शर्ट पाठवलेला नव्हता. स्वीडन आत गेला की आमचं काम बंद.

"मग ती काय करणार म्हणते?" मालकांनी विचारलं.

"विरोध. दुकानामागच्या खोलीत पाच जण जमलेत. ती, एक मच्छीमार, दोन शिक्षक आणि एक पाद्री."

"पाचच? अय्यो, आपण तेरा आहोत की हो बाई!"

मच्छीमाराला समुद्राची काळजी होती, पाद्र्याला देश संघाच्या सैन्यात ओढला जाण्याची, तिला आमच्या शर्टांची. एवढ्यावर त्यांची संघटना उभी राहिली होती. तिला चाळीस झेंडे हवे होते, पांढऱ्या कापडावर निळ्या अक्षरांत त्यांच्या भाषेतलं 'नको'. घरी सांगितलं तर रेल्वेतला माझा नवरा म्हणाला, "रेल्वेच्या युनियनला कधी आली नाहीस, आणि आता स्वीडनची निवडणूक लढवतेस?"

झेंडे चार दिवसांत शिवून झाले. इकडे नव्या कपड्याच्या कोपऱ्याला शुभ म्हणून हळद लावतात. परदेशी मालाला ती लागू नये म्हणून खोकी बंद करण्याआधी प्रत्येक नग पाहायचा, हे माझ्या यादीत कायमचं लिहिलेलं होतं. कटिंग करणाऱ्या थोरल्या अक्कांनी मला थांबवलं.

"अम्मा, हे विकायला थोडंच आहे? आपल्याच कामासाठी आहे. लावू दे."

मी लावू दिलं. चाळीसही झेंड्यांना, चारही कोपऱ्यांना.

महिन्याभराने उत्तर आलं. झेंडे चौकात लावल्यावर दोन दिवस पाऊस पडला आणि हळद पसरून अक्षरांवर आली. निळं आणि पिवळं हे स्वीडनच्या झेंड्याचे रंग, तसेच संघाच्याही. येणारे-जाणारे विचारत होते, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने? समोरच्या पक्षाच्या लोकांनी तर टाळ्या वाजवून आभार मानले. तिने हे हसत लिहिलं होतं. मला हसता आलं नाही. अक्कांना मी सांगितलं, झेंडे आवडले. त्यांनी ते लगेच सगळ्यांना सांगितलं.

मतदानात ते थोडक्यात हरले. चाळीस झेंड्यांनी काही फरक पडला नसता, हे मला कळतं. तरी हळद तपासायची ओळ असलेली ती यादी मी कधी फाडली नाही.

शेवटची ऑर्डर उन्हाळ्याआधी गेली. मी बायकांना घेऊन एका मोठ्या कारखान्याच्या फाटकावर गेले. तिथे तिशीच्या आतल्याच हव्या होत्या. तिघी आत गेल्या. बाकीच्या आठ जणींबरोबर मी बसस्टॉपवर परत आले. अक्का म्हणाल्या, "वय आधी सांगायचं ना अम्मा, उन्हात कशाला आणलंत?"

नंतर एकदाच त्या दुकानदारणीचं पत्र आलं. पाच जण अजून त्याच खोलीत जमत होते. गावच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरत होतं. पुन्हा झेंडे मिळतील का?

"पाठवू की," मालक म्हणाले. ते कटिंगच्या टेबलावर बसले होते, कारण खुर्च्या आणि मशिनी आदल्या आठवड्यातच गेल्या होत्या. मग त्यांनीच विचारलं, "शिवायचे कोणी?"

मी उत्तर टाइप केलं: सध्या शक्य नाही. 'सध्या' हा शब्द त्यांनी घालायला लावला.