गेरूची अक्षरं

पालीचे म्हाळूकाका ग्रीक भाषा एकट्यानं शिकले, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

निजामाचं राज्य होतं आणि काका तेव्हा नुसता म्हाळू होता, धनगराचा पोरगा. रोज पायी बीडच्या शाळेत जायचा. तिथं उर्दू, फारसी, इंग्रजी. घरी आला की मेंढरं. त्यात बाजारात त्याला बदलून गेलेल्या एका साहेबाचं ग्रीक शिकवणारं पुस्तक मिळालं आणि तो त्या अक्षरांवर भाळला. बसून घोकायला सवड कुठली? मेंढरांच्या पाठीवर ओळखीसाठी गेरूचा पट्टा ओढायची रीत होती. त्यानं पट्ट्याऐवजी कळपातल्या चाळीसपैकी चोवीस मेंढरांवर चोवीस अक्षरं काढली. संध्याकाळी मेंढरं मेंढवाड्यात शिरताना तो एकेकीचं अक्षर मोठ्यानं म्हणायचा. त्याची आई दगडाबाई फाटक धरून उभी असायची.

पुढं लोकर कातरली आणि तिच्याबरोबर अक्षरंही गेली. त्या संध्याकाळी म्हाळू तिसऱ्याच मेंढीपाशी अडला.

"थीटा हाय ती," आई म्हणाली. "कान फाटका दिसंना व्हय?"

मग शाळेचं तोंडही न पाहिलेली ती बाई एकेकीला थोपटत अक्षरं सांगत गेली. सगळ्यात मागून रेंगाळत आलेली ओमेगाही तिनं ओळखली. शेवटी उरलेल्या सोळा मेंढ्यांकडं बोट करून तिनं दरडावलं, "ह्यांना कावून काईच दिलं न्हाईस?"

अक्षरं तर संपली होती. त्या सोळा मेंढ्यांसाठी म्हाळूनं पुस्तकाचं पान उलटलं. तिथून शब्द सुरू होत होते.